गरम झाली की रुसणारी चेनसॉ: बदलायची कधी आणि घ्यायची कोणती

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ४५ सीसीची, पाच वर्षं वापरलेली चेनसॉ आहे. सकाळी थंड असताना दोन-तीन ओढीत चालू होते, पण एक टाकी संपवून पुन्हा पेट्रोल भरलं की दोरी ओढून ओढून खांदा भरून येतो. आयडलिंगला मधूनच बंद पडते. चेन दर दोन-चार दिवसांनी बारवरून (चेन जिच्याभोवती फिरते ती लांब पट्टी) उतरते. मेकॅनिकने दोन वेळा कार्बोरेटर बदलला, पण ये रे माझ्या मागल्या. आता ती बाजूला ठेवून ५० सीसीच्या आसपासची, भरवशाची करवत घ्यायची आहे. काम म्हणजे पडलेली झाडं आवरणं आणि जळणाचे ओंडके पाडणं. ओंडका बहुतेक १४ ते १६ इंचांचा, काम महिन्यातले पाच-सहा दिवस. तर कोणती घ्यावी?

मी पहिली बारा वर्षं करवत चालवली आणि गेली चौदा वर्षं इतरांच्या करवती दुरुस्त करतोय. नवी घ्यायला माझी हरकत नाही. पण तुम्ही सांगितलेल्या तीन तक्रारींपैकी निदान दोन अशा आहेत की कारण न शोधता नवी घेतली तर त्या तिच्याही मागे लागतील. म्हणून आधी जुनीकडे बघू. त्यातूनच नवीत काय पाहायचं तेही कळेल.

गरम झाल्यावर चालू न होणं ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार आणि तिची कारणं वेगवेगळी असतात. इंजिन चालू असताना फ्लायव्हीलचा पंखा सिलिंडरवर हवा मारत असतो. इंजिन बंद केलं की वारा थांबतो, पण सिलिंडर तापलेलाच असतो. ती उष्णता सरकत कार्बोरेटरपर्यंत येते आणि आतलं थोडंसं पेट्रोल तिथेच उकळून त्याची वाफ होते. अशा वेळी माणूस काय करतो, तर चोक ओढतो. गरम इंजिनाला चोक दिला की चार-पाच ओढीत आत पेट्रोलच पेट्रोल होतं, प्लग भिजतो, आणि मग दिवसभर ओढत बसा. प्लग काढून पाहा. ओला निथळत असेल तर पुसून बाजूला ठेवा, स्विच बंद करा, चोक पूर्ण आत ढकला, रेस पूर्ण दाबून सात-आठ वेळा दोरी ओढा, मग प्लग लावून चोक न देता चालू करा. आणि टाकी संपत आली की लगेच बंद करण्यापेक्षा अर्धा मिनिट आयडलिंगला राहू द्या, म्हणजे पंखा थोडी गरमी बाहेर काढतो. निम्म्या लोकांची तक्रार इथेच मिटते.

तेवढ्याने मिटली नाही तर पुढची परीक्षा फुकटात होते. करवत बंद पडली की लगेच, गरम असतानाच, ती सपाट जागी ठेवून पेट्रोलच्या टाकीची टोपी सावकाश सैल करा. गरम टाकीत दाब साचलेला असू शकतो, तेव्हा तोंड लांब ठेवा आणि आसपास बिडी-सिगारेट नको. ‘सूंऽ’ असा हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि टोपी लावल्यावर इंजिन लगेच चालू झालं, तर टाकीची हवा घेणारी बारीक झडप तुंबली आहे. पेट्रोल जसं संपतं तशी त्याच्या जागी हवा आत यावी लागते. ती आली नाही की टाकीत पोकळी तयार होते आणि कार्बोरेटरला पेट्रोल ओढता येत नाही. हा करंगळीच्या नखाएवढा भाग असतो. त्याच्यासाठी कार्बोरेटर बदललेले लोक मी पाहिलेत.

टाकीतला फिल्टरही तारेचा आकडा करून बाहेर ओढा. तो काळा-चिकट असेल तर बदला. फिल्टर बाहेर आला की त्याची रबरी नळी बोटांत वाकवून बघा. नळी सरळ असताना धड दिसते, वाकवली की तडा उघडतो. त्या तड्यातून पेट्रोलबरोबर हवा जाते.

आता कार्बोरेटर. दोनदा बदलूनही फरक पडला नाही, हे तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात उपयोगी वाक्य आहे. त्याचा अर्थ दोष बहुधा कार्बोरेटरच्या बाहेर आहे. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँककेस (पिस्टनखालचा, क्रँक फिरतो तो कप्पा) हवाबंद असावी लागते, कारण पेट्रोल-हवेचं मिश्रण तिथूनच वर जातं. क्रँकच्या दोन्ही टोकांना रबरी सील असतात. उन्हातान्हात, जुन्या पेट्रोलात ती कडक होतात आणि कडेने हवा घेऊ लागतात. कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्यामधल्या रबरी बुटाला तडा गेला तरी तेच होतं. बाहेरची हवा आत शिरली की मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. आयडलिंग कधी वर, कधी खाली होतं, आणि रेस सोडल्यावर आवाज पटकन उतरत नाही, दोन-तीन सेकंद वरच लटकून राहतो. यात खरा धोका पुढे आहे. या इंजिनाला ऑइल वेगळं मिळत नाही, ते पेट्रोलमधूनच येतं. मिश्रण पातळ झालं म्हणजे पिस्टन तापतोही जास्त आणि त्याला ऑइलही कमी मिळतं.

हे मी स्वतःची करवत घालवून शिकलो. रेस लटकायला लागली तेव्हा मी शहाणपणा करून कार्बोरेटरचा स्क्रू पाव फेरा सैल केला, म्हणजे पेट्रोल थोडं जास्त जाईल. आवाज बरा झाला, मी खूश. दोन महिने तसंच काम केलं. मग एका दुपारी जाड ओंडक्यात बार अर्धा गेला असताना आवाज अचानक बारीक झाला, चिरका झाला, आणि इंजिन थांबलं. दोरी ओढली तर दगड. थंड झाल्यावर सायलेन्सर काढून बॅटरीच्या उजेडात भोकातून पिस्टन पाहिला. नखाने ओरबाडल्यासारखे उभे चरे, आणि रिंग खाचेत चिकटून बसलेली. उघडल्यावर सगळ्याच्या मुळाशी एक सील निघालं, शर्टाच्या बटणाहून थोडं मोठं. तेव्हापासून कोणी ‘कार्बोरेटर बदलूनही फरक नाही’ म्हटलं की मी आधी प्रेशर टेस्ट करतो. आत येणारी-जाणारी तोंडं बंद करून हातपंपाने साधारण ०.५ बार (हे दाबाचं एकक, करवतीचा बार नव्हे) दाब द्यायचा आणि काटा जागेवर राहतो का ते बघायचं. मग उलटं, पोकळी करून बघायचं, कारण काही सील दाबाला टिकतात आणि ओढीला सुटतात. तुमच्या मेकॅनिकला विचारा की ही तपासणी केली होती का. त्याच्याकडे पंपच नसेल तर कार्बोरेटर दोनदा का बदलला गेला ते कळेल, आणि नवी करवत कोणाकडे न्यायची नाही तेही.

चेन उतरण्याचं कारण इंजिनात नसतंच. चेनच्या एका दाताच्या बाजूला आणि बारला एकदम टेकेल अशी फूटपट्टी धरा. पट्टी आणि बार यांच्यामध्ये बारीक फट दिसायला हवी. पट्टी बारला चिकटून बसली तर बारच्या कडा झिजल्यात, चेन आत लोळते आणि उतरते. दुसरं, मागचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारं दातेरी चाक. त्याच्यावर चेनचे खोल ठसे उमटले असतील तर नवी चेन लावूनही उपयोग नाही. दोन चेन संपल्या की स्प्रॉकेट बदलायचं, हा माझा नेम आहे. तिसरं कारण मापातला घोटाळा, आणि तो दुकानात सर्रास होतो. चेनची पिच म्हणजे लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधलं अंतर, त्याचं अर्धं. मध्यम करवतीत ती बहुतेक ०.३२५ इंच असते, काहींत तीन अष्टमांश. याशिवाय बारच्या खाचेत बसणाऱ्या पात्यांची जाडी १.३, १.५ किंवा १.६ मिलिमीटर असते. १.६ च्या खाचेत १.३ ची चेन बसते, फिरते, आणि पहिल्याच आडव्या दाबाला बाहेर येते. पिच, जाडी आणि खालच्या पात्यांची संख्या हे तिन्ही आकडे बहुधा बारवरच कोरलेले असतात. ते लिहून घ्या आणि चेन त्या आकड्यांवर मागा, ‘अठरा इंची द्या’ असं म्हणू नका.

आणि एक सवय. गरम चेन सैल दिसली म्हणून ताणली असेल, तर काम संपल्यावर पुन्हा सैल करून ठेवायची. थंड होताना ती आकसते आणि बारला व क्रँकच्या बेअरिंगला रात्रभर ओढत राहते.

इतकं करूनही जुनी नीट होत नसेल तर तिचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजा. १५० पीएसआयच्या आसपास असेल तर इंजिन धड आहे, सील-नळ्यांचा खर्च करून ती दुसरी करवत म्हणून ठेवा. १२० च्या खाली असेल तर तिच्यावर आणखी पैसे घालू नका.

आता नवी. ४५ ते ६० सीसी म्हणजे मध्यम आकार असं साधारण मानतात. तुमच्या कामाला ५० बरोबर आहे. पण सीसी बघून करवत घेणं म्हणजे चपलेचा नुसता नंबर बघून चप्पल घेण्यासारखं. श्टील कंपनीच्या (बरेच जण तिला स्टील म्हणतात) दोन करवती शेजारी ठेवा: एमएस २६१ आणि एमएस २७१. दोन्ही ५०.२ सीसीच्या. बोअर (सिलिंडरचा व्यास) ४४.७ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ३२, हिशेब करून बघा, तेवढेच येतात. पण २६१ ची ताकद ३.० किलोवॅट आणि वजन साधारण ४.९ किलो. २७१ ची ताकद २.६ आणि वजन ५.६. म्हणजे सिलिंडर तेवढाच, पण एक हलकी असून जास्त ओढते आणि दुसरी जड असून कमी. हुस्कवर्ना या दुसऱ्या कंपनीतही तेच: ५५० एक्सपी मार्क २ ही ५०.१ सीसी आणि ३ किलोवॅटच्या घरात, तर ४५० ही ५०.२ सीसी असूनही २.४. तिथे ४५० वजनाला ५५० पेक्षा थोडी हलकीच आहे, म्हणून दुकानात हातात घेतल्यावर फसायला होतं.

हा फरक इंजिनाच्या बांधणीतून येतो. तुमच्या त्रासाशी त्याचा थेट संबंध आहे, म्हणून जरा थांबतो. रोज लाकूड कापणाऱ्यांसाठी केलेल्या करवतीत क्रँककेस मॅग्नेशियमची, दोन उभ्या अर्ध्या भागांची असते आणि सिलिंडर तिच्यावर बोल्टने बसतो. बेअरिंग त्या धातूत घट्ट बसलेली. घरगुती आणि शेतीच्या करवतीत बहुतेक वेळा सिलिंडरचा खालचा भाग आणि त्याला खालून लावलेलं एक झाकण यांच्यामध्ये क्रँक धरलेला असतो, आणि हे सगळं इंजिन प्लॅस्टिकच्या चौकटीत ठेवलेलं असतं. दुसरी पद्धत वाईट आहे असं मी म्हणणार नाही. माझ्याकडे येणाऱ्या अशा कित्येक करवती दहा दहा वर्षं चालल्या आहेत. फरक दुरुस्तीच्या दिवशी कळतो. पहिल्या प्रकारात क्लच किंवा फ्लायव्हील काढलं की सील बाहेरूनच उपसून नवं ठोकता येतं. दुसऱ्या प्रकारात सीलसाठी अख्खं इंजिन चौकटीतून बाहेर काढा, झाकण खोला, सांधे साफ करा, नवा सीलंट लावा. काम अर्ध्या दिवसाचं होतं, म्हणून मेकॅनिक ते टाळतो आणि आधी कार्बोरेटर बदलून बघतो. तुमच्याकडे बहुधा हेच घडलंय.

म्हणून माझं मत: महिन्यातले पाच-सहा दिवस काम, तेही दिवसभराचं असेल, तर थोडे जास्त पैसे घालून पहिल्या प्रकारातली ५० सीसी घ्या. पाच-सहा दिवस म्हणजे रोज तास-दीड तास असेल तर दुसऱ्या प्रकारातली पुरेल. मात्र तिच्यात पेट्रोल आणि फिल्टर यांची हयगय चालत नाही. ६० सीसीकडे वळू नका. श्टीलची ३६२ ही ५९ सीसी, ३.५ किलोवॅटची उत्तम करवत आहे, पण १६ इंची ओंडक्याला ती लागत नाही आणि संध्याकाळी पाठीला ते जास्तीचं वजन कळतं.

वजनाचं आणखी एक. कागदावरचं वजन नुसत्या इंजिनाचं असतं, बार-चेन आणि पेट्रोल-ऑइलशिवाय. ४.९ किलोची करवत भरून, बार लावून हातात आली की साडेसहाच्या आसपास जाते. दुकानात रिकामी उचलून ‘हलकी आहे’ म्हणू नका.

बार १६ इंची घ्या, फार तर १८. लोक ५० सीसीला २० इंची लावतात, बसतो, चालतो, पण चेन ओढण्यातच ताकद जाते, ऑइल पुरत नाही आणि टोक जड होतं. १६ इंची बारने दोन्ही बाजूंनी कापत गेलं तर पंचवीस इंचाचा ओंडकाही निघतो. शिवाय बार जितका लांब तितके धार लावायला दात जास्त.

कार्बोरेटर स्क्रूवाला की इलेक्ट्रॉनिक, हा वाद लोक जातीवर जाऊन घालतात. श्टीलची एम-ट्रॉनिक आणि हुस्कवर्नाची ऑटोट्यून यांत मिश्रण यंत्रच जुळवतं. हवामान, उंची, फिल्टरवरची धूळ यांप्रमाणे आपोआप बदल होतो, आणि माझ्यासारख्या स्क्रू फिरवून शहाणपणा करणाऱ्याला संधीच मिळत नाही. एवढंच की, सील हवा घेऊ लागलं तर हे यंत्र काही काळ पेट्रोल वाढवून दोष झाकून ठेवतं, आणि आवाक्याबाहेर गेलं की एकदम कळतं. बिघाड शोधायला दुकानदाराकडे त्या कंपनीची तपासणीची केबल लागते. ती हाताशी असलेला अधिकृत मेकॅनिक तुमच्यापासून तासाभराच्या अंतरावर असेल तर बिनधास्त इलेक्ट्रॉनिक घ्या. नसेल तर स्क्रूवाली. २७१, ४५० आणि एको कंपनीची सीएस-५०१पी या स्क्रूवाल्या आहेत. त्यांतली एकोची ही पावणेपाच किलोच्या आसपास, ५०.२ सीसी, बांधणीने पहिल्या प्रकारातली. तिच्याबद्दल कमी बोललं जातं, पण दुरुस्तीला सोपी करवत म्हणून मला ती आवडते.

म्हणजे यादी छोटी झाली. केबलवाला मेकॅनिक जवळ असेल तर २६१ किंवा ५५० एक्सपी मार्क २, यांपैकी ज्याचं दुकान जवळ ती. नसेल तर ५०१पी. हात आखडता घ्यायचा असेल तर २७१ किंवा ४५०. हुस्कवर्नाची ५४५ मार्क २ ही ५५० चीच थोडी शांत बहीण आहे, साधारण २.७ किलोवॅटची, तीही चालेल. कंपनीवरून भांडत बसू नका. दुकानात जाऊन तीन वस्तू मागा: त्याच मॉडेलचा एअर फिल्टर, दोरी-स्प्रिंगचा स्टार्टर संच आणि क्लचचं ड्रम. तिन्ही त्याच्या कपाटातून निघाले तर ती करवत घ्या. ‘दोन आठवड्यांत मागवून देतो’ म्हणाला तर दुसरं दुकान, मग भले दुसरी कंपनी.

दुसऱ्याच्या रंगात रंगवलेल्या नकला आणि मोठ्या सीसीचा स्टिकर लावलेल्या बिननावाच्या करवती यांपासून लांब राहा. त्यांतली एखादी चांगली चालतेही. पण तसलीच दुसरी तशीच निघेल याची खात्री नसते, आणि सुटे भाग ‘बसवून बघू’ पद्धतीने मिळतात. तुम्ही भरवसा मागताय, तो त्यात नाही.

वापरलेली चांगली करवत मिळत असेल तर ती नव्या स्वस्त करवतीपेक्षा बरी, पण दोन गोष्टी केल्याशिवाय पैसे देऊ नका. इंजिन बंद, चेन ब्रेक लावलेला, डीकॉम्प्रेशनचं बटण (दोरी हलकी जावी म्हणून सिलिंडरचा दाब कमी करणारं) असेल तर ते बाहेर, आणि करवत नुसत्या दोरीच्या मुठीने उचला. ती हप्त्याहप्त्याने, अडखळत खाली यायला हवी. सरसर खाली आली तर कॉम्प्रेशन नाही. मग सायलेन्सरचे स्क्रू काढून बॅटरीने पिस्टन बघा. कारखान्यातले आडवे बारीक घासकाम दिसत असेल तर छान. उभे चरे असतील तर चहा पिऊन परत या. विकणारा सायलेन्सर काढू देत नसेल तर चहाही नको.

बॅटरीवरच्या करवतीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण आता मोठ्या बॅटरी करवती ५० सीसीच्या जवळ ओढतात. गरम झाल्यावर चालू न होणं हा प्रकारच नाही. अडचण बॅटरी संपण्याची. दिवसभर ओंडके पाडायचे तर तीन-चार बॅटरी आणि जवळ वीज हवी. तुमच्या कामात ती दुसरी करवत म्हणून शोभेल.

नवी घरी आली की पहिले दोन महिने तिचं आयुष्य ठरवतात. पेट्रोल ताजं, महिनाभरात संपेल एवढंच मिसळायचं. इथेनॉल असलेलं पेट्रोल पाणी ओढून घेतं आणि कार्बोरेटरच्या पातळ पडद्याला कडक करतं, तेव्हा पंधरा दिवस काम नसेल तर टाकी रिकामी करून आयडलिंगला इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. ऑइल ५० ला १, म्हणजे लिटरला २० मिली, चांगल्या प्रतीचं. ‘नवी आहे म्हणून जरा जास्त घाला’ हा सल्ला ऐकू नका. ऑइल वाढलं म्हणजे तेवढं पेट्रोल कमी झालं, मिश्रण उलट पातळ होतं, आणि प्लगवर-सायलेन्सरच्या जाळीवर काजळी बसते. ती जाळी तुंबली की इंजिन रेस घेत नाही. हाही दोष कार्बोरेटरच्या माथी मारला जातो. पहिला तासभर चेन दर दहा मिनिटांनी थांबवून ताण तपासा, नवी चेन लवकर सैल होते.

धारेबद्दल एकच दृश्य सांगतो. पायाशी पडणारा भुसा बघा. धार चांगली असेल तर ढलप्या पडतात, चिमटीत धरता येतील अशा. धार गेली की पीठ पडतं आणि माणूस करवत दाबायला लागतो. दाबलं की इंजिन तापतं, बार झिजतो, चेन उतरते, आणि दोष करवतीला. ०.३२५ च्या चेनला ४.८ मिलिमीटरची गोल कानस, तीस अंशांच्या रेषेवर, प्रत्येक दाताला सारखेच घास. दातापुढचा उंचवटा दाताच्या टोकापेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली असावा, गेज ठेवून तपासा. जमिनीवरचं, माती लागलेलं लाकूड जास्त असेल तर अणकुचीदार कोपऱ्याच्या दाताऐवजी गोल कोपऱ्याचा दात घ्या, कापायला थोडा हळू पण धार टिकते. आजच्या दाताचा हा वळलेला आकार जोसेफ कॉक्स नावाच्या एका अमेरिकन लाकूडतोड्याने १९४६ साली लाकूड पोखरणाऱ्या अळीचे जबडे बघून सुचवला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या चेन बाजारात आल्या. अळी डावी-उजवीकडे आळीपाळीने कापते. तुमच्या चेनचे दातही तसेच आहेत, म्हणूनच एका बाजूचे जास्त घासले तर करवत वाकडी जाते.

घेताना चेन ब्रेक दुकानातच तपासून घ्या. पुढची ढाल मनगटाच्या मागच्या बाजूने ढकलून फिरती चेन जागच्या जागी थांबली पाहिजे. आयडलिंगला चेन फिरत असेल तर ती करवत परत ठेवा. बारच्या टोकाचा वरचा पाव भाग लाकडाला लागला की करवत अंगावर उसळते, तेव्हा ब्रेक हाच तुमच्या आणि चेनच्या मध्ये असतो. चेन अडवणारी पँट आणि कानावरचे मफ करवतीच्याच बिलात घ्या. नंतर घेतो म्हणणारे नंतर घेत नाहीत.

तोपर्यंत जुनीवर टोपीची परीक्षा करा, प्लग ओला की कोरडा ते बघा, आणि रेस सोडल्यावर आवाज किती वेळ लटकतो ते मोजा. या तिन्हींची उत्तरं कळवलीत की सील गेलंय की झडप तुंबलीये ते मी बऱ्यापैकी सांगू शकेन. झडपच असेल, तर नवी घ्यायची घाई पुढच्या हंगामापर्यंत लांबवता येईल.